मोठ्या ब्रीडचं पिल्लू घरी आणलंय? मोठं होईपर्यंत त्याला काय, किती आणि कसं खाऊ घालायचं

लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, यातलं कुठलंही पिल्लू घरात आलं की सगळ्यांची एकच घाई असते, याला भरपूर खाऊ घालून पटकन धिप्पाड करायचं. मोठ्या ब्रीडच्या पिल्लाच्या बाबतीत सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ते किती उंच होणार हे आईबापाकडून ठरूनच आलेलं असतं, तुम्ही जास्त घातलंत म्हणून त्याची शेवटची उंची वाढत नाही, फक्त तिथपर्यंत पोचायचा वेग वाढतो आणि त्या वेगाचा सगळा भार कोवळ्या हाडांवर आणि सांध्यांवर पडतो. त्यामुळे पुढे मी जे काही लिहिलंय त्याचं सार एवढंच की मोठ्या पिल्लाला हळू वाढू द्या, सडपातळ ठेवा, आणि हे करताना त्याला कशाचीही कमतरता पडू देऊ नका.

वाढीचा वेग किती असतो ते बघा. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि दीड-दोन वर्षांत पन्नास-साठ किलोच्या पुढे जातं. बहुतेक मोठ्या ब्रीडची पिल्लं पाच महिन्यांच्या आसपासच त्यांच्या पूर्ण वजनाच्या निम्म्यावर पोचलेली असतात, पण हाडांच्या टोकांना जिथून हाड लांब होतं त्या ग्रोथ प्लेट्स बंद व्हायला मोठ्या ब्रीडमध्ये १२ ते १८ महिने लागतात आणि जायंट ब्रीडमध्ये, म्हणजे ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या फारच मोठ्या ब्रीडमध्ये, त्याहून जास्त. म्हणजे वजन आधी येतं आणि हाडं पक्की व्हायला मागून वेळ लागतो. या मधल्या काळात खाण्यात झालेली गडबड नंतर बऱ्याचदा दुरुस्त करता येत नाही.

मोठं ब्रीड म्हणजे किती मोठं? ढोबळमानाने, पूर्ण वाढल्यावर २५ किलोच्या वर जाणारं. अमेरिकेत डॉग फूडच्या न्यूट्रिशनचे निकष ठरवणारी एएएफसीओ नावाची संस्था आहे, ती ७० पाउंड म्हणजे जवळपास ३२ किलोची रेघ मारते. तुमचं पिल्लू मिक्स असेल आणि आईबाप माहीत नसतील तर व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, विचारा, वजन आणि वय बघून ते बऱ्यापैकी अंदाज देतात, आणि शंका असेल तर मोठं होणार असं धरूनच चालायचं.

पायरी १: पहिले काही दिवस खाणं अजिबात बदलू नका

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना घरी येतं. आई सुटली, भावंडं सुटली, जागा नवी, माणसं नवी, पोट तसंही नाजूक झालेलं असतं. त्यात त्याच दिवशी नवीन महागडं फूड सुरू केलं की जुलाब ठरलेले. म्हणून ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांच्याकडून तेच फूड थोडं मागून घ्या, ते किती देत होते आणि दिवसातून किती वेळा देत होते हे पण विचारून घ्या, आणि निदान आठवडाभर तेच चालू ठेवा. फूड बदलायचंच असेल तर मग ७ ते १० दिवस घेऊन बदला: पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन आणि बाकी जुनं, मग निम्मं निम्मं, मग पाऊण भाग नवीन, मग पूर्ण नवीन. मध्ये शी पातळ झाली तर पुढे जायचं नाही, आधीच्या प्रमाणावर दोन दिवस थांबायचं.

दूध देऊ नका. आईचं दूध सुटल्यावर लॅक्टोज पचवायची ताकद कमी होत जाते आणि गाईम्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं, आणि दुधातून हाडं मजबूत होतील म्हणून देत असाल तर त्याबद्दल खाली कॅल्शियमच्या भागात वाचा. पाणी मात्र चोवीस तास समोर पाहिजे, दिवसातून दोनदा तरी भांडं धुऊन.

आणि पहिल्याच व्हिजिटला जंताचं औषध आणि त्याचं वेळापत्रक व्हेटकडून ठरवून घ्या. पोट टम्म, अंग मात्र हडकुळं, असं दिसलं की लोक खाणं वाढवत बसतात आणि आत जंत मजेत असतात.

पायरी २: फूड निवडताना पिशवीची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला सगळ्यांचाच फोटो छान असतो. वाचायची गोष्ट मागे असते. तीन गोष्टी शोधा.

एक, ते फूड कम्प्लीट अँड बॅलन्स्ड आहे का आणि कुठल्या वयासाठी. ग्रोथ किंवा ऑल लाइफ स्टेजेस लिहिलेलं पाहिजे, आणि त्याच वाक्यात पुढे मोठ्या साइझच्या कुत्र्यांच्या वाढीसाठी म्हणजेच ७० पाउंड किंवा जास्त वजनाच्या कुत्र्यांच्या वाढीसाठी चालतं असं स्पष्ट पाहिजे. काही फूडवर नेमकं उलट लिहिलेलं असतं, की मोठ्या कुत्र्यांची वाढ सोडून. ते वाक्य बारीक अक्षरात असतं आणि तेच आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. लार्ज ब्रीड पपी असं ज्या फूडवर लिहिलेलं असतं त्यात साधारणपणे कॅल्शियम बेताचं आणि कॅलरीज जरा कमी ठेवलेल्या असतात, म्हणून नवख्या माणसाला सोपा रस्ता तोच.

दोन, कॅल्शियम. एएएफसीओच्या हिशोबाने मोठ्या ब्रीडच्या पिल्लाच्या फूडमध्ये ड्राय मॅटरवर कॅल्शियम कमीत कमी १.२ टक्के आणि जास्तीत जास्त १.८ टक्के पाहिजे, आणि कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १:१ ते २:१ च्या मध्ये. ड्राय मॅटर म्हणजे पाणी वजा करून उरलेला भाग. किबलमध्ये म्हणजे कोरड्या दाण्यांच्या फूडमध्ये साधारण १० टक्के पाणी असतं म्हणून फरक थोडा पडतो, पण डब्यातल्या ओल्या फूडमध्ये ७५-७८ टक्के पाणी असतं, तिथे हिशोब करावाच लागतो. समजा डब्यावर कॅल्शियम ०.३ टक्के आणि पाणी ७८ टक्के लिहिलंय, तर कोरडा भाग राहिला २२ टक्के, ०.३ ला ०.२२ ने भागा, उत्तर १.३६ टक्के, म्हणजे बसतंय. पिशवीवर फक्त कमीत कमी कॅल्शियम लिहिलेलं असेल आणि खरा आकडा नसेल तर कंपनीला मेल करून विचारा. पिल्लाच्या फूडचा खरा आकडा जी कंपनी सांगू शकत नाही तिचं फूड मी तरी घेणार नाही.

तीन, कॅलरीज. १०० ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी हे बघून लिहून ठेवा, पुढच्या पायरीला लागणार आहे.

प्रोटीनची भीती मात्र काढून टाका. जास्त प्रोटीनने मोठ्या पिल्लांची हाडं बिघडतात असं अजूनही सांगितलं जातं, पण ग्रेट डेनच्या पिल्लांना प्रोटीन कमीजास्त देऊन बघितलेलं आहे आणि जास्त प्रोटीनने हाडांच्या वाढीत बिघाड दिसला नाही. पिल्लाला ड्राय मॅटरवर निदान २२.५ टक्के प्रोटीन लागतंच. हाडं बिघडवतात त्या दोन गोष्टी: जादा कॅलरीज आणि चुकलेलं कॅल्शियम.

घरी शिजवून घालायचं असेल तर? मनापासून करायची इच्छा असते लोकांची, ते मला कळतं, पण वाढत्या मोठ्या पिल्लाच्या बाबतीत अंदाजाने करायची ही गोष्ट नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या व्हेटरनरी स्कूलने २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये कमीत कमी एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्या पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांसाठीच्या रेसिपी होत्या, पिल्लांचं गणित तर अजून नाजूक. तेव्हा घरचंच द्यायचं असेल तर व्हेटरनरी न्यूट्रिशनिस्टकडून त्या पिल्लाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि त्यात जे पावडर-सप्लिमेंट सांगितलंय ते एक दिवसही चुकवू नका. कच्च्या मांसाचं म्हणाल तर साल्मोनेलासारखे जंतू पिल्लालाही त्रास देतात आणि घरातल्या लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांनाही, म्हणून नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: कॅल्शियमची बाटली घरात आणू नका

याला मी वेगळी पायरी दिलीय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते प्रेमापोटी होतं. पिल्लू मोठं होणार, हाडं मोठी, म्हणजे कॅल्शियम जास्त पाहिजे, हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कुणी शंकाच घेत नाही. आत काय होतं ते समजून घ्या. मोठा कुत्रा गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून घेतो आणि बाकीचं शीवाटे बाहेर जातं. पण लहान पिल्लाला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, हे नियंत्रण नीट जमत नाही, खाण्यात जेवढं जास्त कॅल्शियम तेवढं जास्त शरीरात शिरतं. मग रक्तातलं कॅल्शियम आटोक्यात ठेवायला शरीर हाडांची रोजची मोडतोड-दुरुस्ती मंद करतं, आणि कूर्चेचं हाड व्हायची प्रक्रिया बिघडते. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं, जादा कॅल्शियमवर वाढलेल्या पिल्लांमध्ये सांध्यांच्या कूर्चेत आणि हाडांच्या वाढीत दोष दिसले. खांद्याच्या सांध्यातला कूर्चेचा तुकडा सुटणं, हाडं वाकडी वाढणं, हे प्रकार मग ऑपरेशनपर्यंत जातात.

उलट बाजूही तितकीच वाईट. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या दहा-वीसपट फॉस्फरस असतो. पिल्लाला फक्त मांस आणि भात घातला की कॅल्शियम कमी पडतं, शरीर ते हाडातून ओढायला लागतं, आणि मग सोफ्यावरून साधी उडी मारली तरी हाड मोडतं. म्हणजे कमी पण नको आणि जास्त पण नको, आणि चांगल्या लार्ज ब्रीड पपी फूडमध्ये ते बरोब्बर मोजून घातलेलं असतंच, त्यावर सिरप, पावडर, गोळी, हाडांचा चुरा, अंड्याच्या टरफलाची पूड, काहीही घालायचं नाही.

मग पिल्लाचे पुढचे पाय बाहेर वळलेत, पंजे पसरलेत, मनगट खाली बसल्यासारखं दिसतंय, तेव्हा तर कॅल्शियम द्यायचं ना? नाही. आधी वजन बघा, पिल्लू जाड झालंय का, घरातली फरशी घसरडी आहे का, दिवसभर एका जागी बांधलेलं आहे का, आणि व्हेटला दाखवा, गरज पडली तर ते एक्स-रे काढतील. खरंच कमतरता निघाली तर ते डोस ठरवतील. व्हिटॅमिन डीचंही तेच, ते शरीरात साठतं आणि जास्त झालं की विषारी ठरतं, मनाने द्यायची गोष्ट नाही.

फिश ऑइल द्यायचं का असं बरेच जण विचारतात. त्यातला डीएचए नावाचा ओमेगा-३ फॅटचा प्रकार पिल्लाच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीला लागतो, पण बहुतेक चांगल्या पपी फूडमध्ये तो असतो, म्हणून पिशवी वाचून मगच ठरवा.

पायरी ४: किती द्यायचं, आणि कपाने नाही, काट्यावर मोजून

पिशवीवरचा तक्ता ही सुरुवात आहे आणि तो बऱ्याच पिल्लांना जास्तच पडतो. स्वतः हिशोब करायचा असेल तर व्हेट लोक जो फॉर्म्युला वापरतात तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमतो. पिल्लाचं किलोतलं वजन तीनदा मांडून एकमेकांशी गुणा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं परत वर्गमूळ काढा, आणि ७० ने गुणा. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या तिप्पट, त्यानंतर दुपटीच्या आसपास, आणि मोठं होता होता अजून खाली.

उदाहरण घेऊ. पाच महिन्यांचं, २० किलोचं पिल्लू. २० गुणिले २० गुणिले २० म्हणजे ८०००, वर्गमूळ ८९.४, परत वर्गमूळ ९.४६, गुणिले ७०, आले ६६२. दुप्पट केलं की १३२४ किलोकॅलरी दिवसाला. तुमच्या फूडमध्ये १०० ग्रॅमला ३७० किलोकॅलरी असतील तर झाले साधारण ३६० ग्रॅम, तीन वेळांत १२० ग्रॅम. आता हाच कुत्रा मोठा होऊन ३५ किलोचा झाला, नसबंदी झालेली आहे, तर १.६ पट धरून त्याला लागतील साधारण १६०० किलोकॅलरी. बघा, वजन २० चं ३५ झालं पण खाणं १३२४ वरून फक्त १६०० वर गेलं. म्हणून सहा-सात महिन्यांनंतर दर आठवड्याला खाणं वाढवत राहायची गरज नसते. खूप लोक तिथेच फसतात, पिल्लू उंच होतंय म्हणून वाटी मोठी होत जाते.

मोजायला किचनमधला डिजिटल काटा वापरा. कपाने मोजलं की कधी सपाट कधी शिगोशीग, घरातला प्रत्येक माणूस वेगळं मोजतो, आणि रोजचे तीस-चाळीस ग्रॅम कुठे जास्त गेले कळत पण नाही. मला सगळ्यात सोपी वाटणारी पद्धत म्हणजे सकाळीच दिवसभराचं फूड एका डब्यात मोजून ठेवायचं, सगळ्या वेळा त्यातूनच द्यायच्या आणि ट्रेनिंगचे दाणे पण त्यातूनच घ्यायचे. डबा संपला की दिवसाचं खाणं संपलं, मग कुणी विचारायची गरज नाही की याने खाल्लं का.

पिल्लू लहान असेपर्यंत दर आठवड्याला वजन करा, मग पंधरा दिवसांनी. काट्यावर ते उभं राहणार नाही हे उघड आहे, म्हणून आधी आपलं वजन करायचं, मग त्याला उचलून परत करायचं आणि वजाबाकी. उचलणं जमेनासं झालं की व्हेटकडे मोठा काटा असतो, तिथे नुसतं वजन करून दाणा खाऊन परत यायचं, त्याने त्याला व्हेटची भीतीही राहत नाही.

पायरी ५: आकड्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा

वरचा सगळा हिशोब अंदाज आहे. एकाच वयाच्या दोन सख्ख्या भावंडांना पण वेगळं खाणं लागू शकतं. शेवटी खरं काय ते पिल्लाच्या अंगावरून हात फिरवल्यावर कळतं. हे दर आठवड्याला करा. पिल्लाला उभं करा, दोन्ही तळवे बरगड्यांवर सपाट ठेवा आणि दाब न देता मागे-पुढे फिरवा. बरोबर काय लागलं पाहिजे हे समजायला स्वतःचाच हात वापरा: पंजा सरळ पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा, बारीक हाडं पातळ कातडीखाली सहज लागतात, बरगड्या तशा लागल्या की पिल्लू मस्त आहे. मूठ आवळून गाठींवरून बोट फिरवल्यासारखं लागलं तर जास्तच बारीक. आणि तळहाताच्या मांसल भागावरून फिरवल्यासारखं लागलं, म्हणजे हाड शोधायला दाबावं लागतंय, तर जाड. केसाळ ब्रीडमध्ये तर डोळ्यांनी काहीच कळत नाही, हातच लावायला लागतो.

मग वरून बघा, बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने बघा, पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेलं दिसलं पाहिजे. व्हेट लोकांचा १ (फारच हडकुळा) ते ९ (फारच जाड) असा बॉडी कंडिशन स्कोअर असतो, त्यावर वाढतं मोठं पिल्लू ४ च्या आसपास, फार तर ५. तुमच्या पिल्लाकडे बघून नातेवाईक, शेजारी, फिरायला येणारे सगळे म्हणणार की किती वाळलंय, काही खायला घालता की नाही. त्यांना सांगा हे असंच ठेवायचं असतं.

हे मी एवढं ठासून का सांगतोय त्याचं कारण एक अभ्यास आहे, जो मोठा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं घेतली, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या, आणि आठ आठवड्यांच्या वयापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, तेच फूड, फक्त कमी. हे आयुष्यभर चाललं, २००२ मध्ये निकाल छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयाच्या पुढे जगले ते वय, १३ वर्षं निघालं आणि जास्त खाणाऱ्यांचं ११.२. जवळपास दोन वर्षांचा फरक, आणि शिवाय कमी खाणाऱ्यांमध्ये हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) कमी आणि संधिवात उशिरा. दोन जास्तीची वर्षं, ती पण चालती-फिरती, कुठलं सप्लिमेंट देतं?

लॅबवाल्यांसाठी अजून एक गोष्ट. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि असे कुत्रे खाण्यासाठी जास्त हपापलेले असतात. तेव्हा बोल चाटूनपुसून झाल्यावर तो ज्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघतो त्यावरून त्याचं पोट भरलं की नाही हे ठरवू नका, बरगड्यांवरून ठरवा.

पायरी ६: दिवसातून किती वेळा

आठ आठवडे ते तीन-चार महिने, चार वेळा. मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. त्यानंतर आयुष्यभर दोन वेळा. मोठ्या कुत्र्याला दिवसातून एकदाच भरपूर देणं टाळा, कारण पुढच्या पायरीत आहे. बोल पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि उचलायचा, दिवसभर भरलेला बोल ठेवून जेव्हा हवं तेव्हा खा असं मोठ्या ब्रीडच्या पिल्लाला कधीच करायचं नाही. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात तेव्हा एखादी वेळ खाणं सोडेल, हिरड्या दुखत असतात, किबल कोमट पाण्यात भिजवून द्या. पण लहान पिल्लाने पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा उलट्या-जुलाब आहेत आणि मलूल पडलंय, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

पिल्लू खात असताना मधूनच बोल काढून घेऊन त्याला सवय लावतो असं काही जण करतात. त्याने उलट ते गुरगुरायला शिकतं. जवळून जाताना बोलमध्ये एखादा चांगला तुकडा टाकत जा, मग माणूस जवळ आला म्हणजे काहीतरी छान मिळणार हे त्याच्या डोक्यात बसतं.

पायरी ७: पोट फुगून पिळ पडणं, हे आधीच माहीत करून घ्या

ब्लोट किंवा जीडीव्ही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोटात हवा भरते आणि जठर स्वतःभोवती फिरतं, रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत कुत्रा जातो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, वायमरानर, जर्मन शेफर्ड यांना धोका जास्त. लक्षणं पाठ करा: ओकारीचा प्रयत्न करतोय पण काहीच पडत नाही, लाळ गळतेय, पोट ताणलंय, एका जागी बसवत नाही. हे दिसलं की घरगुती उपाय नाही, सकाळपर्यंत थांबणं नाही, लगेच इमर्जन्सी गाठायची आणि निघतानाच फोन करून सांगायचं.

धोका कमी करायला आपल्या हातात काय आहे? एका वेळचं खाणं लहान ठेवा, हबाहबा खात असेल तर खाचांचा स्लो फीडर बोल आणा, जेवणाच्या आगेमागे तासभर धावपळ आणि उड्या नकोत. बोल उंच स्टँडवर ठेवला की बरं असं पूर्वी सांगायचे, पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने मोठ्या कुत्र्यांचा अभ्यास केला त्यात उंच बोलवाल्यांना धोका जास्त दिसला, तेव्हा व्हेटने मानेच्या किंवा अन्ननलिकेच्या त्रासासाठी सांगितलं नसेल तर बोल जमिनीवरच बरा. जास्त धोक्याच्या ब्रीडमध्ये नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवतात, त्याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात, त्याबद्दल व्हेटशी आधीच बोलून ठेवा.

पायरी ८: ट्रीट आणि आपल्या ताटातलं

ट्रीट, च्यू, आपण दिलेला तुकडा, सगळं धरून दिवसाच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत. वरच्या २० किलोच्या पिल्लासाठी म्हणजे १३० किलोकॅलरी, आणि एखादी मोठी डेंटल स्टिक त्यातलं बरंच काही खाऊन टाकते.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण, मॅकाडेमिया नट्स, दारू, कच्चं मळलेलं यीस्टचं पीठ, आणि झायलिटॉल, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मुलांना विशेष. झायलिटॉल शुगरफ्री च्युइंग गममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असतो, त्याने कुत्र्याची साखर झपकन खाली येते आणि लिव्हर जाऊ शकतं. द्राक्षांनी किडनी जाते आणि किती द्राक्षांनी जाईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एक पण नाही. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, ती सुऱ्यांसारखी फुटतात. पोटात गेल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता फोन करा.

पायरी ९: नसबंदी आणि अडल्ट फूडवर जाणं

मोठ्या ब्रीडमध्ये नसबंदी कधी करायची हे ब्रीड आणि नर-मादी बघून व्हेटशी ठरवा, सांध्यांचा विचार करून बऱ्याचदा वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात. खाण्याच्या दृष्टीने लक्षात ठेवायचं ते असं की ऑपरेशननंतर ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते. म्हणून वजन वाढलेलं दिसायची वाट न बघता पहिल्या काही आठवड्यांतच प्रमाण कमी करायला घ्या आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा.

पपी फूड मोठ्या ब्रीडला साधारण १२ ते १५ महिन्यांपर्यंत, जायंट ब्रीडला १८ ते २४ महिन्यांपर्यंत चालू ठेवा. लवकर अडल्ट फूडवर नेलं की वाढ सावकाश होईल असं सांगून चार-पाच महिन्यांतच बदलायला लावणारे भेटतील. ऐकू नका. अडल्ट फूडला मोठ्या पिल्लासाठीची ती कॅल्शियमची वरची मर्यादा लागूच नसते, त्यामुळे काहींमध्ये ते जास्त निघतं, आणि कॅलरी कमी म्हणून पिल्लू खातंही जास्त, म्हणजे दोन्हीकडून कॅल्शियम वाढतं. वाढ सावकाश करायची ती लार्ज ब्रीड पपी फूडचंच प्रमाण सांभाळून.

वाढीच्या काळात लंगडणं दिसलं, विशेषतः आज या पायाने आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने, तर ते वाढीचं दुखणं असेल म्हणून सोडून देऊ नका. पॅनोस्टायटिस, म्हणजे वाढत्या पिल्लांच्या लांब हाडांना येणारी सूज, असेल तर आपोआप बरं होतं, पण तसंच दिसणारं दुसरं काही असू शकतं आणि ते एक-दोन महिने उशिरा कळलं तर सांधा वाचवणं अवघड होऊ शकतं. माणसांची पेनकिलर तर अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात.

अडल्ट फूडवर जाताना तेच ७ ते १० दिवसांचं मिसळणं. नवीन पिशवीवरच्या कॅलरीज बघून ग्रॅम नव्याने काढा, जुनेच ग्रॅम चालू ठेवू नका. चार आठवड्यांनी वजन आणि बरगड्या बघा, जाड होतोय वाटलं तर १० टक्के कमी, फारच उतरतोय तर १० टक्के जास्त, आणि परत चार आठवडे थांबून बघा. तिथे बसलं की मग महिन्यातून एकदा वजन केलं तरी पुरतं.